पावसाआधी एक ठराव : सर्पदंशाबाबत कोकणातील सरपंचांना खुले पत्र

प्रति,
सरपंच, उपसरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि सर्व सदस्य,
रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील ग्रामपंचायती.

विषय : १ मेच्या ग्रामसभेत 'सर्पदंश' हा विषय स्वतंत्रपणे घेण्याबाबत.

महोदय, महोदया,

१ मेच्या ग्रामसभेची विषयपत्रिका आपल्याकडे आता तयार होत असेल. पाणीटंचाई, घरपट्टीची थकबाकी, रस्त्याकडेची गटारे आणि मागील सभेचे इतिवृत्त असे नेहमीचे विषय तीत असतीलच. त्यांच्या जोडीला सर्पदंश हा विषय घालावा आणि त्यावर चर्चा करून न थांबता ठराव करावा, एवढ्या एका मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे. याच दोन जिल्ह्यांत आरोग्य विभागात नोकरी करून मी निवृत्त झालो. साप पकडण्याची विद्या मला येत नाही. मात्र साप चावलेल्या माणसाच्या पहिल्या दोन तासांत काय होते आणि काय व्हायला हवे होते, हे मी पुष्कळ पाहिले आहे, आणि त्या दोन तासांतला बराच भाग दवाखान्याच्या दाराबाहेर, म्हणजे आपल्या हद्दीत, जातो.

भारतातील सर्पदंशाच्या मृत्यूंचा एक मोठा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार २००० ते २०१९ या काळात देशात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यांतील बहुतेक खेड्यांतली होती, निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले होते आणि चारांतला एकाहून अधिक मृत्यू पंधरा वर्षांखालच्या मुलाचा होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत वरचे स्थान दिले. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे ठरवले. तो आराखडा दिल्लीहून मुंबईला आणि मुंबईहून जिल्ह्याला यथावकाश येईल. पण वाडीतून दवाखान्यापर्यंत रुग्ण पोचवण्याचे काम कोणताही आराखडा करणार नाही. ते गावालाच करावे लागते.

आपल्याकडे माणसे मारणारे साप मुख्यतः चार आहेत : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. बाकी धामण, दिवड, नानेटी, कवड्या, तस्कर हे रोज दिसणारे साप बिनविषारी आहेत. चापडा विषारी आहे, त्याच्या दंशाने सूज आणि वेदना होतात, परंतु तो बहुतेक झाडाझुडपांत राहतो आणि त्याने माणूस दगावणे विरळा. ओळखीचा हा धडा शाळेत जरूर द्यावा, पण त्यावर जीव टांगू नये. कवड्या समजून मण्यार हातात धरणारे आणि अजगराचे पिल्लू समजून घोणशीशी खेळणारे लोक आहेत, आणि त्यांतले काही स्वतःला जाणकार म्हणवतात. चावलेला साप कोणता, याची खात्री नसेल तर तो विषारी धरूनच पुढची पावले उचलावीत.

या चारांत गावकऱ्यांना ज्याची सर्वांत कमी धास्ती वाटते, तो मण्यार माझ्या मते घराच्या दृष्टीने सर्वांत घातक आहे. नाग फणा काढतो, घोणस कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार करते, फुरसे अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज काढते. मण्यार यांतले काहीच करत नाही. तो रात्री फिरतो, उंदरांच्या, पालींच्या आणि दुसऱ्या सापांच्या मागावर घरात येतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरतो. झोपेत कूस बदलताना तो दबला की चावतो. सूज येत नाही, वेदना जवळजवळ नसतात, दाताची खूण पुष्कळदा सापडतही नाही. दवाखान्यात अशी मुले येतात तेव्हा आई सांगते, की रात्री एकदा काहीतरी चावले म्हणून पोर रडले, मुंगी असेल म्हणून थोपटून निजवले. पहाटे पोटात दुखते म्हणाले तेव्हा ओवा दिला, मग उलटी झाली. आणि आई हे सांगत असताना ते मूल समोरच्या माणसाकडे पाहण्यासाठी मान मागे टाकत असते, कारण त्याच्या पापण्या वर जात नाहीत. त्यानंतर गिळणे जड होते, बोलणे बोबडे होते आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे विनाकारण पोटदुखी, उलटी आणि डोळ्यांवर झापड, एवढी तीन लक्षणे दिसली तर खूण शोधत न बसता त्याला दवाखान्यात हलवावे, हे एक वाक्य जरी प्रत्येक घरात पोचले तरी ग्रामसभेचे काम झाले असे मी म्हणेन.

यावरचा उपाय महाग नाही. खाट किंवा पलंग असावा आणि खाट घेणे शक्य नसेल तर मच्छरदाणी असावी, जिच्या कडा चारही बाजूंनी अंथरुणाखाली घट्ट खोचलेल्या असतील. नुसती वरून सोडलेली मच्छरदाणी डासांनाही अडवत नाही, सापाला काय अडवणार! हिवतापासाठी म्हणून मच्छरदाण्यांची चर्चा आपण वर्षानुवर्षे करतो. त्याच मच्छरदाणीने मण्यारीपासूनही बचाव होतो, हे आशा सेविकांनी घरोघर सांगावे. गावात खाट नसलेली, मातीच्या भिंतींची, जमिनीवर झोपणारी घरे कोणती, हे आपल्या सदस्यांना यादी न काढताही ठाऊक असते. ग्रामनिधीतून किंवा ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीच्या निधीतून त्या घरांना पहिल्यांदा मच्छरदाण्या द्याव्यात, असा ठराव मी सुचवतो.

गणपतीत उघडणाऱ्या घरांचा प्रश्न मात्र खास आपल्या कोकणचा आहे. मुंबई-पुण्याची माणसे वर्षभर कुलूप असलेले घर चतुर्थीच्या आदल्या दिवशी उघडतात, घाईने केर काढतात आणि पंधरा-वीस माणसे त्याच रात्री माजघरात व पडवीत ओळीने सतरंज्या टाकून झोपतात. मधल्या काळात माळ्यावर उंदीर झालेले असतात, मागील दारी गवत कमरेएवढे वाढलेले असते, न्हाणीच्या मोरीची जाळी निघालेली असते आणि चुलीशेजारी गेल्या वर्षीची लाकडे तशीच रचलेली असतात. भाद्रपद हा सापांच्या हालचालीचा काळ. चाकरमान्यांनी गावी येण्याच्या आठ दिवस आधी कुणाकडून तरी आवार साफ करून घ्यावे, घर दिवसाउजेडी उघडावे, माळ्यावरच्या आणि कोपऱ्यातल्या वस्तू हाताने न ओढता काठीने हलवून घ्याव्यात आणि गुंडाळून ठेवलेली अंथरुणे अंगणात झटकल्याशिवाय पसरू नयेत, अशी सूचना ग्रामपंचायतीने मुंबईच्या ग्रामस्थ मंडळांना जुलैतच पाठवावी. ही मंडळे मंदिराच्या जीर्णोद्धाराची वर्गणी वेळेवर गोळा करतात; हे काम त्यांना मुळीच जड नाही.

साप घराकडे येतो तो भक्ष्यासाठी आणि आडोशासाठी. भाताची कणगी, कोंबड्यांचे खुराडे, उघड्यावर टाकलेले खरकटे यांनी उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. भिंतीला टेकून रचलेली लाकडे, शेणी, कौलांचा आणि चिऱ्यांचा ढीग, पेंढ्याची उडवी, पातेऱ्याची म्हणजे वाळलेल्या पानांची रास हे त्याचे आडोसे. हे सर्व घरापासून दूर आणि शक्य असेल तर जमिनीपासून हातभर उंच ठेवावे, छपराला टेकणाऱ्या फांद्या तोडाव्यात, दाराखालची फट बुजवावी, मोरीला जाळी बसवावी. चिऱ्यांच्या गडग्याच्या फटींत साप राहतातच, आणि गडगे पाडा असे सांगण्यात अर्थ नाही. पण गडग्यालगत कपडे वाळत घालणे, मुलांनी तेथे खेळणे आणि फटीत हात घालणे टाळता येते.

येथे एका खर्चाविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. पावसाळ्यात घराभोवती फिनेल किंवा कार्बोलिक ॲसिड ओतण्याची, डांबरगोळ्या, गंधक आणि लसूण टाकण्याची पद्धत आहे, आणि काही ठिकाणी शाळा-अंगणवाड्यांच्या आवारासाठी अशा औषधांची खरेदीही होते. याने साप दूर राहतो असे मानण्यास आधार नाही. कार्बोलिक ॲसिडने मात्र माणसाची कातडी भाजते आणि ते मुलांच्या हाती लागले तर दुसरेच संकट ओढवते. जो पैसा त्यावर जातो, तो पाखाडीवरच्या आणि सार्वजनिक शौचालयाकडच्या वाटेवरच्या दिव्यांवर खर्च करावा. पावसात आपल्याकडे वीज किती वेळ राहते हे मी आपल्याला सांगायला नको, म्हणून चांगल्या बॅटरीला पर्याय नाही. अंगणात लघवीसाठी जातानासुद्धा बॅटरी हातात असावी, पायांत चप्पल असावी आणि काठी आपटत चालावे.

घराबाहेरच्या कामांत फुरशाचा विचार आधी करावा लागतो. कातळसड्यावर, दगडांखाली, सुक्या गवतात राहणारा हा हातभर लांबीचा साप रत्नागिरी जिल्ह्यात इतका आहे, की इंग्रजी अमलात त्याच्यावर बक्षीस लावले गेले आणि लाखांच्या घरात फुरशी मारल्याच्या नोंदी आहेत. फुरसे आजही सड्यावर आहे. मारून साप संपवण्याच्या कल्पनेचा निकाल तेथेच लागलेला आहे. भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी रोपांची जागा भाजण्यासाठी, पातेरा गोळा करणे, बागेतले गवत कापणे, चिरे उचलणे, या तिन्ही कामांत हात आणि पाय फुरशाच्या अगदी टप्प्यात येतात. लावणीच्या चिखलात गमबूट घाला, असे व्याख्यान देणाऱ्याने कधी लावणी केलेली नसते. परंतु गवत कापताना आणि पातेरा ओढताना गमबूट व जाड हातमोजे वापरणे सहज जमते, आणि पातेरा हाताने न ओढता दाताळ्याने ओढता येतो. आंबा बागायतदारांनी ही साधने मजुरांना द्यावीत, असे ग्रामसभेने त्यांना लेखी कळवावे. हंगामात बागांची राखण करणारे नेपाळी कामगार झोपडीत जमिनीवर झोपतात, त्यांना गावाची माहिती नसते आणि ग्रामसभेत त्यांच्या बाजूने बोलणारे कुणी नसते. त्यांच्यासाठी खाट, मच्छरदाणी आणि संपर्काचा एक फोन नंबर ही मालकाची जबाबदारी मानावी.

आता दंश झाल्यानंतरचे. फुरसे आणि घोणस यांच्या विषाने रक्त गोठेनासे होते, हिरड्यांतून व लघवीतून रक्त जाते, आणि घोणशीच्या दंशात मूत्रपिंडे निकामी होतात. नाग आणि मण्यार यांच्या विषाने श्वास बंद पडतो. चारही विषांवर एकच प्रतिविष आहे. घोड्यांच्या रक्तद्रवापासून ते तयार होते, मुंबईच्या हाफकिनमध्ये त्याचे उत्पादन होत आले आहे, आणि भुकटीच्या रूपातले प्रतिविष वीज गेल्याने खराब होत नाही. औषध एकच असल्यामुळे साप मारून पिशवीतून दवाखान्यात आणण्याची काहीही गरज नसते. त्या खटपटीत वेळ जातो आणि दुसरा माणूस चावून घेतो. मेलेल्या सापाचे डोकेसुद्धा काही काळ चावू शकते.

रुग्णाला चालू देऊ नये. अंगठ्या, बांगड्या, जोडवी, पैंजण, हातातला दोरा लगेच काढावा, कारण सूज आल्यावर ते निघत नाहीत आणि बोट गमावण्याची पाळी येते. दंश झालेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडाला लावतात तशा फळीला सैल बांधून स्थिर ठेवावा. करकचून दोरी आवळणे, ब्लेडने चिरणे, तोंडाने ओढणे, बर्फ लावणे, चुना-हळद थापणे, मुळी उगाळून पाजणे यांतले काहीही करू नये. आवळलेल्या दोरीखाली काळानिळा पडलेला पाय घेऊन आलेल्या रुग्णाची दोरी सोडताना दवाखान्यातल्या माणसाच्या पोटात गोळा येतो, कारण अडवलेले विष एकदम अंगात जाते.

विष उतरवणाऱ्यांविषयी मला कुणाची टवाळी करायची नाही. बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही अनेकदा विष न सोडता चावतो. त्यामुळे त्यांच्याकडे गेलेल्या दहांतले कितीतरी जण काही न करताही बरे होणार असतात आणि त्यांची कीर्ती वाढत जाते. या मंडळींना गावात मान आहे. तोच मान वापरून त्यांना ग्रामसभेत बोलवावे आणि विनंती करावी, की आलेल्या माणसाला त्यांनी आधी गाडीत बसवावे आणि मंत्र म्हणायचाच असेल तर तो वाटेत म्हणावा. या मार्गाने मने वळतात. पोलिसांची भीती घालून लोक फक्त लपूनछपून जाऊ लागतात.

माझ्या मते ठरावाचा गाभा वाहनाचा आहे. हल्ली प्रत्येक वाडीत कुणाची तरी रिक्षा, टेम्पो किंवा कार असते, पण रात्री दोन वाजता, मुसळधार पावसात, कुणाचे दार ठोठवायचे हे ठरलेले नसते. मग मोबाईलला रेंज शोधण्यात, नातेवाइकांना विचारण्यात आणि पेट्रोलचे पैसे कोण देणार या संकोचात तास जातो. प्रत्येक वाडीसाठी दोन वाहनधारक नावानिशी ठरवावेत, एक नसला तर दुसरा. इंधनाचा खर्च ग्रामनिधीतून देण्याची तरतूद करावी आणि तो मागण्याची पाळी रुग्णाच्या घरच्यांवर आणू नये. १०८ क्रमांकाला फोन करावाच. मात्र रुग्णवाहिकेची वाट पाहत घरी थांबायचे, की आपल्या वाहनाने निघून वाटेत गाठ घ्यायची, हे आपल्या गावाच्या रस्त्याप्रमाणे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांशी बोलून आधीच ठरवावे. चारचाकी मिळालीच नाही, तर मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये रुग्णाला बसवून नेणे हे घरी थांबण्यापेक्षा चांगले.

कुठे न्यायचे, हेही ठरलेले हवे. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी आपल्या सभेला निमंत्रित करावेत आणि त्यांना तीन गोष्टी विचाराव्यात : प्रतिविषाच्या किती बाटल्या शिल्लक आहेत, रात्री डॉक्टर मुक्कामी असतात का, आणि कृत्रिम श्वासाची सोय असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते. विषबाधेची लक्षणे असलेल्या रुग्णाला सुरुवातीलाच साधारण ८ ते १० बाटल्या लागतात, लहान मुलालाही तेवढ्याच. तेव्हा केंद्रात दोन-चार बाटल्या असणे म्हणजे साठा असणे नव्हे. रक्त गोठते की नाही हे पाहण्यासाठी एक स्वच्छ, कोरडी काचेची नळी आणि वीस मिनिटे पुरतात. अशी चाचणी करून, लक्षणे असतील तर पहिला डोस चढवूनच रुग्णाला पुढे पाठवायचे असते. रिॲक्शनच्या भीतीने औषध सुरू न करता रुग्णाला तसाच जिल्ह्याला किंवा गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात पाठवण्याचे प्रकार घडतात आणि त्यात जे तास जातात ते नंतर कोणत्याही मोठ्या रुग्णालयाला भरून काढता येत नाहीत. महाडसारख्या ठिकाणी राहून डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंश आणि सर्पदंशावर जे काम केले, त्यासाठी त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. कोकणातल्या लहान गावातही हे उपचार होऊ शकतात, याचे याहून मोठे प्रमाण देण्याची गरज नाही. डॉक्टरांना सभेत धारेवर धरू नये, त्यांना काय कमी पडते ते विचारावे, आणि साठा कमी असेल तर जिल्हा परिषदेकडे ग्रामसभेच्या नावाने मागणी नोंदवावी.

घरात साप दिसला तर काय करावे, हे थोडक्यात. माणसे आणि जनावरे बाजूला घ्यावीत, दूर उभे राहून एकाने त्याच्यावर नजर ठेवावी आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा वन विभागाला माहीत असलेल्या सर्पमित्राला कळवावे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये साप मारणे, पकडून ठेवणे, त्याचे खेळ करणे हा गुन्हा आहे. गळ्यात नाग घालून मोबाईलवर चित्रफिती काढणाऱ्या सर्पमित्रांना गावाने डोक्यावर घेऊ नये. साप पिशवीत घालून मुकाट्याने निघून जाणारा सर्पमित्र खरा.

शेवटचा मुद्दा पैशाचा, आणि तो दुःखाच्या घाईत नेहमी मागे पडतो. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशाने झालेला मृत्यू धरलेला आहे आणि वारसांना २ लाख रुपये मिळतात. त्यासाठी मृत्यूचे कारण कागदावर यावे लागते. दवाखान्यात न नेता घरीच दगावलेल्या माणसाचे बहुधा काहीच कागद नसतात आणि कुटुंब हक्काला मुकते. ग्रामपंचायत अधिकारी आणि पोलीस पाटील यांनी अशा घरी त्याच दिवशी जाऊन ही माहिती द्यावी. ही योजना खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्यापुरती आहे. दुसऱ्याच्या बागेत गवत कापणारी भूमिहीन बाई तीत बसत नाही. फुरशाच्या तोंडी सर्वांत आधी तिचाच हात जातो, म्हणून शेतमजुरांचा समावेश करण्याची शिफारस ग्रामसभांनी ठरावात जोडून तहसीलदारांमार्फत शासनाकडे पाठवावी.

वाहनधारकांची नावे, आरोग्य केंद्राचा आणि रुग्णालयाचा फोन, १०८ आणि १९२६ हे क्रमांक असलेला फलक प्रत्येक वाडीत, रेशन दुकानाच्या आणि अंगणवाडीच्या भिंतीवर, मृग लागण्यापूर्वी लावून व्हावा. ठरावाची एक प्रत आरोग्य केंद्राला आणि एक तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्यावी, आणि १५ ऑगस्टच्या सभेत त्यातले काय झाले व काय राहिले याचे वाचन व्हावे, म्हणजे गणपतीपूर्वी राहिलेले पुरे करता येईल.

आपला नम्र,
एक निवृत्त आरोग्य सहायक
रत्नागिरी जिल्हा